ठणठणीत चालणारी गाडी कंपनी परत का बोलावते?

गेल्या मे महिन्यात माझ्या मामेभावाच्या मोबाइलवर मेसेज आला. मोटरसायकल घेऊन जेमतेम चौदा महिने झाले होते. इंजिनातल्या एका भागाची तपासणी करायची आहे, गाडी सर्व्हिस सेंटरला आणावी, खर्च लागणार नाही, एवढाच मजकूर. तो अमळनेर तालुक्यातला. कापूस आणि मका करतो, शेत, बाजार, जिनिंग असं रोजचं तीस-चाळीस किलोमीटर हिंडणं. त्याने मला फोन केला तोच या वाक्याने : "दादा, गाडी ते चांगली चाली ऱ्हायनी, मंग इंजिन कसाले खोलानं?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला फोनवर नीट देता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

त्याच्या गाडीत शंका होती ती क्रँकच्या पिनवर. पिस्टन, म्हणजे सिलिंडरातला दट्ट्या, वरखाली होतो, कनेक्टिंग रॉड त्या वरखाली होण्याला क्रँककडे नेतो आणि क्रँक त्याचं गोल फिरणं करतो. रॉडचं खालचं मोठं टोक ज्या पिनवर फिरतं, तिथे आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत सुईसारख्या बारीक रोलरांचं बेअरिंग असतं. सिलिंडरात पेट्रोलचा जो स्फोट होतो, त्याचा सगळा मार शेवटी या पिनवर येतो. पन्नास मिलिमीटर बोअरच्या, म्हणजे आतल्या व्यासाच्या, सिलिंडरात पूर्ण थ्रॉटलला स्फोटाच्या क्षणी पिस्टनवर जो जोर पडतो, तो साधारण एक टन भरतो. म्हणजे दहा क्विंटल कापूस क्षणभर त्या बोटाएवढ्या पिनवर ठेवायचा आणि लगेच उचलून घ्यायचा.

असं किती वेळा? शंभर-सव्वाशे सीसीची गाडी ताशी साठच्या वेगाने टॉपमध्ये जाते, तेव्हा इंजिन मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेरे घेतं. साठच्या वेगात मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे किलोमीटरमागे पाच हजार फेरे. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एक स्फोट. दहा हजार किलोमीटर झालेल्या गाडीच्या पिनेने सुमारे अडीच कोटी दणके खाल्लेले असतात. दर वेळी जोर पूर्ण एक टनाचा नसतो, तरी आकडा अडीच कोटींचा आहे, हे लक्षात ठेवावं.

एवढं सोसायला पिन बाहेरून काचेसारखी कठीण हवी आणि आतून चिवट हवी. आतपर्यंत कठीण केली तर ती कडकन मोडेल, सगळी मऊ ठेवली तर रोलर तिला चेपून टाकतील. आपल्या गावचा लोहार कोयत्याला पाणी पाजतो, तेव्हा तोही हेच साधत असतो : धार कठीण, पाठ चिवट. कारखान्यात ते वेगळ्या मार्गाने होतं. कमी कार्बनच्या पोलादाची पिन कार्बनयुक्त वायूच्या भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. कार्बन पृष्ठभागातून आत मुरतो, पण फार खोल जात नाही, मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. मग तेलात झटकन थंड केली की ती पातळ साल कठीण होते आणि गाभा चिवट राहतो.

आता भट्टीचं तापमान थोडं घसरलं, वेळ कमी पडला, किंवा थंड करायचं तेलच जास्त गरम झालं, तर साल पातळ किंवा मऊ राहते. अशी पिन हातात घेतली तर काही कळत नाही. मापाला बरोबर, चकचकीत, इंजिनात बसवली की सुरळीत फिरणारी. इंजिन पहिल्या दिवशी सुरू होतं, हजार किलोमीटरलाही काही आवाज नसतो. पण रोलरच्या दाबाचा सर्वांत मोठा ताण पृष्ठभागावर नसून त्याच्या किंचित खाली येतो. साल पातळ असेल, तर तो ताण मऊ भागावर पडतो आणि तिथे एक सूक्ष्म चीर जन्म घेते. दर दणक्याला ती केसाच्याही कितीतरी लहान भागाने सरकते. एक दिवस पृष्ठभागाची खपली निघते. मग त्या खड्ड्यावरून रोलर आपटत जातात आणि पुढचं फार वेळ घेत नाही.

याला धातूचा थकवा म्हणतात. एका वेळी सहज पेलेल असा भार लाखो वेळा दिला, की धातू त्याच भाराने तुटतो. ऑगस्ट वोलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वेच्या आसांवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यांवर, प्रयोग करून हे पद्धतशीर दाखवलं. आजही रेल्वे आपल्या चाकांचे आस अल्ट्रासाउंडने तपासते. भुसावळकरांना रेल्वेचं वेगळं सांगायला नको : आस चांगला दिसतो म्हणून तो तसाच पुढे पाठवत नाहीत.

थकव्याचा दुसरा गुण तर माणसाला फार फसवतो. एकाच भट्टीतल्या, एकाच दिवशीच्या शंभर पिना सारख्याच चालवल्या, तरी त्या एकदम मोडत नाहीत. काही लवकर जातात, काही कितीतरी पट टिकतात. म्हणून बेअरिंगचं आयुष्य सांगताना अभियंते शंभरातली दहा बाद होईपर्यंत किती फेरे, असा आकडा धरतात. "माझी अजून चालते आहे" याचा अर्थ एवढाच, की पहिल्या दहांत तुमची नव्हती.

आणि म्हणूनच कंपनी बोलावते त्यातल्या बहुतेक गाड्यांत काहीच निघत नाही. भट्टीचा कच्चा घाणा किती तारखेपासून किती तारखेपर्यंतचा, त्या पिना कोणत्या इंजिन नंबरांत गेल्या, हे नोंदीवरून काढता येतं. पण त्यांतली नेमकी कोणती कच्ची, ते सांगता येत नाही. म्हणून सगळ्या बोलवाव्या लागतात. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाच्या, दोषासाठी २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या होत्या. त्या डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या होत्या आणि कंपनीचाच अंदाज होता, की दहा टक्क्यांहून कमी गाड्यांत भाग बदलावा लागेल. होंडाने २०२२ च्या सीबी३००आर साठी बोलावणं काढलं, तिथे इंजिनाच्या उजव्या कव्हरचा एक प्लग उष्णतेने निसटण्याची शक्यता होती. गरम ऑइल टायरवर उडालं तर काय होईल, हे गाडी चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा प्रत्येक बिघाडाचं खापर उन्हावर फुटतं. उन्हाचा वाटा आहेच. ऑइल तापलं की पातळ होतं आणि धातू-धातूंमधला त्याचा थर आणखी बारीक होतो. शेतरस्त्याची काळी धूळ एअर फिल्टरला चोंदते ती वेगळीच. पण ऊन पिनेची साल पातळ करत नाही. कच्च्या पिनेचे दिवस ते कमी करतं, एवढंच. म्हणून "गाडी रगडली असेल" असं कुणी काउंटरवर ऐकवलं, तर मालकाने खाली मान घालू नये.

मामेभावाची खरी अडचण दुसरीच होती. जळगावला सुटा भाग यायला तीन आठवडे लागणार होते आणि तेवढे दिवस गाडी घरी ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं. मी त्याला सांगितलं : तिघं बसू नका, मागे खताची गोणी नको, वेग पन्नासच्या आत ठेव, ऑइलची पातळी दर दोन दिवसांनी बघ. हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, येणारी टकटक बहुतेकदा व्हॉल्व्हच्या टॅपेटची असते, तिचं एवढं काही नाही. पण खालून गडगड यायला लागली, फूटरेस्टला नवी थरथर जाणवली, किंवा काढलेल्या ऑइलमध्ये उन्हात चमकणारा चुरा दिसला, तर तिथेच बंद कर आणि टेम्पोत घालून ने. ओळखीच्या मिस्त्रीकडून इंजिन उघडून घेऊ नको, मग दोष कुणाचा यावर वाद होतो. आणि सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड, म्हणजे कामाची लेखी नोंद, मागून घेऊन जपून ठेव.

त्याची पिन निघाली ती भिंगाखालीही गुळगुळीत होती. तरी बदलली, ते योग्यच झालं. त्याच दिवशी शेजारच्या टेबलावर पारोळ्याच्या एका माणसाची पिन होती, तिच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा. त्याचंही म्हणणं हेच होतं, गाडी छान चालत होती, पायाला जराशी थरथर लागायची तेवढीच.

कायद्याचं थोडक्यात. २०१२ पासून वाहन उद्योगाची स्वेच्छेची नियमावली होती. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार सदोष वाहनं परत बोलवायला लावू शकतं. हे सात वर्षांच्या आतल्या वाहनांना लागू आहे, दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत.

पण मला यातलं सर्वांत काळजीचं वाटतं ते कागदाचं. आपल्याकडे गाडी दोन-तीन हात फिरते आणि आरसी पहिल्याच्याच नावावर राहते. २९ आणि ३० नंबरचा फॉर्म भरायचा कंटाळा, आरटीओची चक्कर नको, ओळखीचाच तर माणूस आहे. कंपनीचा मेसेज मात्र पहिल्या मालकाला जातो.

मामेभावाच्याच गल्लीत त्याच मॉडेलची एक गाडी होती. चोपड्याहून घेतलेली, नाव न बदललेली. आम्ही हँडलखालच्या मानेवरची माती ओल्या फडक्याने पुसली आणि सतरा अक्षरी चेसिस नंबर वाचला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, गोल दिसलं की ते शून्य. इंजिन नंबरही उतरवला आणि सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडच्या मुलीने दोन्ही नंबर दोनदा विचारून घेतले, थोडं थांबली आणि म्हणाली, "हो काका, ही पण यादीत आहे. कधी आणता?"