बर्फाखालची माणसं : जपानी मुलांच्या कवितांची पार्श्वभूमी

बर्फ पडतोय आणि त्याखाली माणसं राहतायत. यामागाता प्रांतातल्या यामामोतो या डोंगरी खेड्यातल्या एका शाळकरी मुलाच्या कवितेत एवढंच आहे. ती ज्या संग्रहात आली तो ‘यामाबिको गाक्को’ म्हणजे ‘प्रतिध्वनीची शाळा’ १९५१ साली जपानभर गाजला. पुढच्याच वर्षी त्यावर चित्रपटही निघाला. आपल्याकडे बालकविता म्हटलं की मोठ्यांनी मुलांसाठी लिहिलेली कविता आठवते. तिथे मुलांनी स्वतः लिहिलेल्या कवितेची एक परंपराच उभी राहिली होती.

सुरुवात झाली १९१८ मध्ये. सुझुकी मिएकिची यांनी ‘आकाई तोरी’ (लाल पक्षी) हे मासिक काढलं. मुलांनी पाठवलेल्या कविता निवडायचं काम कवी कितहारा हाकुशू यांच्याकडे होतं. मुलांनी नमुने गिरवू नयेत, आपल्या रोजच्या बोलीत लिहावं, असा त्यांचा आग्रह होता. पण या कवितांमध्ये निसर्ग जास्त आणि घरातली चूल कमी, असं मला वाटतं.

चूल आली ती पुढच्या पिढीतल्या खेड्यांतल्या शिक्षकांमुळे. त्या काळी इतर मुख्य विषयांना सरकारी पाठ्यपुस्तकं होती, लेखनाच्या तासाला मात्र नव्हतं. ही फट शिक्षकांनी हेरली. १९३० च्या सुमाराला मंदीने आणि पुढे १९३४ च्या नापिकीने ईशान्य जपान पिचून निघाला होता. मुलं शेतातलं काम, कर्ज, आईचं दुखणं लिहू लागली. शिक्षक ते स्टेन्सिलवर उतरवून हाताने छापत आणि वर्गात मोठ्याने वाचून त्यावर चर्चा घडवत. या चळवळीला ‘सेइकात्सु त्सुझुरिकाता’, म्हणजे जगण्याचं लेखन, असं नाव पडलं.

गरिबी जशी आहे तशी लिहिणं सरकारला खुपलं. १९४० पासून होक्काइदो आणि यामागातामधल्या शिक्षकांची धरपकड झाली. ज्यांच्या वर्गात मुलं बटाट्यांवर आणि बैलांवर कविता लिहीत, त्यांच्यावर देशविरोधी विचार पसरवल्याचा ठपका आला. हे वाचताना आजही पोटात कालवतं.

युद्ध संपल्यावर धागा पुन्हा जोडला गेला. १९४८ मध्ये ओसाकात ‘किरिन’ हे मुलांच्या कवितांचं मासिक निघालं. कवी ताकेनाका इकू यांनी ते मनापासून जोपासलं आणि ते १९७१ पर्यंत चाललं. त्याच १९४८ मध्ये मुचाकु सेइक्यो हे तरुण शिक्षक यामामोतोच्या शाळेत रुजू झाले. समाजशास्त्राच्या नव्या पुस्तकातली सुसज्ज शाळा आणि आपली गळकी, गवताने शाकारलेली शाळा यांचा मेळ बसेना. मग वर्गातल्या ४३ मुलांना त्यांनी आपलंच गाव तपासायला लावलं : घरात येतं किती, जातं किती, वडील कर्जात का, थोरला भाऊ शाळेऐवजी डोंगरावर कोळसा का पाडतो. ती बर्फाची कविता याच वर्गातली.