कॉलेजच्या नेटवर्कसाठीची तयारी-यादी कशी घडत गेली

कॉलेजचं वर्ष सुरू व्हायच्या तोंडावर विद्यार्थ्यांच्या हाती एक यादी पडते. ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट करा, अँटिव्हायरस चालू आहे का ते पाहा, फायरवॉल बंद करू नका, मशीनची नोंदणी करा, सर्टिफिकेट बसवा, खोलीत स्वतःचा राउटर लावू नका. बरेच जण ती वाचतच नाहीत. जे वाचतात त्यांना वाटतं, साधं इंटरनेट वापरायचं तर एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे, कारण यादीत काय करायचं ते असतं, का करायचं ते नसतं. ही यादी कुणी एका बैठकीत बसून तयार केलेली नाही. एकेका मोठ्या गोंधळानंतर तिच्यात एकेक ओळ वाढत गेली. गोंधळ लोक विसरले, ओळी तेवढ्या राहिल्या.

सुरुवातीला तयारीचा प्रश्नच नव्हता, कारण कॉम्प्युटर कॉलेजचा होता. विद्यार्थी टर्मिनलसमोर बसायचा, नाव-पासवर्ड द्यायचा, काम झालं की उठायचा. १९८० च्या दशकात हे बदललं. कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या साथीनं अँड्र्यू प्रकल्प उभा राहिला आणि एमआयटीत १९८३ साली अथेना. कॅम्पसभर वर्कस्टेशन पसरायची आणि ती एकाच जाळ्यात बांधायची, हा दोन्हींचा हेतू. अथेनाच्या लोकांना एक गोष्ट लवकर उमगली: ज्या तारेवरून शेकडो विद्यार्थ्यांची मशीन बोलतात, त्या तारेवर विश्वास ठेवून चालत नाही. कुणीही मधे कान लावून बसू शकतो. म्हणून पासवर्ड तारेवरून न पाठवताच ओळख पटवणारी कर्बेरॉस ही पद्धत त्यांनी तयार केली. ती आजही असंख्य संस्थांच्या लॉगिनमागे चालू आहे.

दुसऱ्या धोक्याची जाणीव २ नोव्हेंबर १९८८ रोजी झाली. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या संशोधक विद्यार्थ्यानं आपोआप पसरणारा एक प्रोग्रॅम एमआयटीच्या मशीनवरून सोडला. मेल आणि फिंगर या सेवांमधल्या त्रुटींतून तो आत शिरायचा आणि सोपे पासवर्डही ओळखून पाहायचा. त्यासाठी त्याच्याजवळ ४३२ शब्दांची स्वतःची यादी होती. त्या काळच्या अंदाजानुसार सुमारे ६,००० मशीन बाधित झाली. तेव्हाचं सगळं इंटरनेटच साधारण ६०,००० मशीनचं मानलं जाई, हे लक्षात घेतलं म्हणजे आकडा किती मोठा होता ते कळतं. त्याच महिन्यात कार्नेगी मेलनमध्ये अशा हल्ल्यांवर एकत्र उपाय करण्यासाठी सर्ट हे समन्वय केंद्र सुरू झालं. 'शब्दकोशातला शब्द पासवर्ड म्हणून ठेवू नका' या सूचनेला तेव्हापासून खरं वजन आलं.

पुढे हॉस्टेलच्या खोल्यांपर्यंत तार पोहोचली. अमेरिकी विद्यापीठांत 'दर उशीमागे एक पोर्ट' अशी घोषणाच झाली होती. पण पोर्ट मिळाला तरी जोडणी सोपी नव्हती. प्रत्येक मशीनला आयपी पत्ता हातानं द्यावा लागे. विद्यार्थी कागदावर लिहून आणलेले आकडे एका खिडकीत भरायचा: पत्ता, सबनेट मास्क, गेटवे, नेमसर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर). एक आकडा चुकला की काहीच चालायचं नाही. मित्राचा पत्ता उचलून टाकला तर दोघांचंही बंद. नेटवर्क सांभाळणाऱ्यांचा अर्धा दिवस असे जुळे पत्ते शोधण्यात जाई.

१९९३ साली डीएचसीपी या, मशीनला पत्ता आपोआप देणाऱ्या पद्धतीचं पहिलं मानक आलं. त्याचे लेखक राल्फ ड्रोम्स हे बकनेल विद्यापीठातले. तार लावली की पत्ता आपोआप मिळू लागला. विद्यार्थ्याची सोय झाली, पण नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या हातून एक गोष्ट निसटली. आधी प्रत्येक पत्ता कुणाला दिला ते वहीत लिहिलेलं असे. आता कुणीही यावं, तार खोचावी आणि पत्ता घ्यावा. कोण कोणता, हे सांगता येईना. नोंदणीची गरज इथून निर्माण झाली. नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा मॅक ॲड्रेस कारखान्यातच ठरलेला असतो. तो विद्यार्थ्याच्या नावाशी जोडून ठेवायचा. टेक्सासमधल्या साउथवेस्टर्न विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या अखेरीस नेटरेज नावाची मोफत प्रणाली तयार झाली. तिची युक्ती मला आजही आवडते. अनोळखी मशीनला पत्ता द्यायचा, पण त्याला सांगायचा नेमसर्व्हर मुद्दाम खोटा ठेवायचा. मग विद्यार्थ्यानं कुठलीही साइट उघडली तरी समोर नोंदणीचंच पान येणार. नाव-पासवर्ड भरला, मशीन पुन्हा सुरू केलं, की खरं इंटरनेट. पुढे अनेक कॉलेजांनी हीच पद्धत उचलली.

राउटरच्या मनाईचं कारणही डीएचसीपीतच आहे. घरगुती राउटर स्वतः पत्ते वाटतो. विद्यार्थ्यानं भिंतीतली तार राउटरच्या चुकीच्या भोकात, म्हणजे घरातली मशीन जोडायच्या लॅनच्या भोकात खोचली, की तो राउटर मजल्यावरच्या सगळ्यांना पत्ते देऊ लागतो. शेजारच्या खोलीतलं मशीन पत्ता मागतं, कॉलेजच्या सर्व्हरआधी या राउटरचं उत्तर पोहोचतं, आणि १९२.१६८ नं सुरू होणारा, कुठेच न नेणारा पत्ता त्याच्या गळ्यात पडतो. तक्रार येते 'इंटरनेट बंद आहे', आणि कारण असतं चार खोल्या पलीकडे. आजचे स्विच असे परके वाटप रोखू शकतात, पण ती सोय प्रत्येक ठिकाणी चालू केलेली असतेच असं नाही.

नोंदणीला दात आले ते जून १९९९ मध्ये आलेल्या, गाण्यांच्या फायली एकमेकांना देऊ देणाऱ्या नॅप्स्टर या प्रोग्रॅममुळे. तो बनवणारा शॉन फॅनिंग नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचा विद्यार्थी होता. हॉस्टेलची वेगवान लाइन आणि गाण्यांच्या फायली यांची गाठ पडली, आणि कॅम्पसची बाहेर जाणारी लाइन भरून वाहू लागली. कित्येक विद्यापीठांनी नॅप्स्टर अडवला. एप्रिल २००० मध्ये मेटॅलिका या बँडनं नॅप्स्टरवरच्या दाव्यात येल, इंडियाना आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांनाही ओढलं. अमेरिकेत १९९८ चा डीएमसीए हा डिजिटल कॉपीराइटचा कायदा आधीच लागू झाला होता. त्यानुसार हक्कधारकांच्या तक्रारी येऊ लागल्या: अमुक पत्ता, अमुक तारीख, अमुक वेळ. तो पत्ता तेव्हा कुणाकडे होता, हे कॉलेजला नोंदवहीतून काढून द्यावं लागू लागलं. नोंदणीची सुरुवात घोळ निस्तरण्यासाठी झाली होती, आता तिच्यावर जबाबदारी ठरवण्याचं काम येऊन पडलं. माझ्या मते विद्यार्थ्यांना हा फरक स्पष्ट सांगायला हवा होता. फार थोड्या ठिकाणी तो सांगितला गेला.

पण आजच्या यादीतल्या पहिल्या तीन ओळी एकाच उन्हाळ्यानं लिहिल्या, २००३ च्या. त्या वर्षी १६ जुलैला मायक्रोसॉफ्टनं विंडोजच्या आरपीसी सेवेतली एक गंभीर त्रुटी दुरुस्त करणारा पॅच काढला. ११ ऑगस्टला त्याच त्रुटीतून शिरणारा ब्लास्टर हा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, सुटला. त्याला कुठली फाइल उघडावी लागत नव्हती, कुठल्या लिंकवर क्लिक लागत नव्हतं. मशीन नेटवर्कवर असणं पुरेसं होतं. विंडोज एक्सपीत बाहेरून येणारी जोडणी अडवणारा फायरवॉल होता, पण मुळात बंद ठेवलेला. आणि तारीख पाहा. अमेरिका-युरोपात सुट्टी संपण्याचे ते दिवस. हजारो विद्यार्थ्यांची मशीन महिनाभर घरी, बरीचशी मंद डायल-अपवर, पॅच न लावलेली. ती सगळी एकाच आठवड्यात उचलून कॅम्पसच्या वेगवान नेटवर्कला जोडली गेली.

त्या आठवड्यातली कोंडी जवळून पाहण्यासारखी आहे. मशीन सुरू होतं, तार लावली जाते. काही मिनिटांत पडद्यावर खिडकी येते की सिस्टिम बंद होत आहे, आणि ६० पासून सेकंद उलटे मोजले जाऊ लागतात. पॅच हवा तर तो इंटरनेटवरून उतरवायला हवा. उतरवायला तार लावली की मशीन पुन्हा बंद. जाणकार विद्यार्थी तेवढ्या मिनिटात कमांडच्या खिडकीत 'शटडाऊन -ए' टाइप करून मोजणी थांबवायचे आणि मजल्यावरच्या इतरांना ते शिकवत फिरायचे. कॉलेजांनी शेवटी सीडी काढल्या: पॅच, वर्म काढण्याचं साधन, अँटिव्हायरस. आधी सीडी चालवा, मग तार लावा. 'नेटवर्कला जोडण्याआधी मशीन तयार करा' हा क्रम इतका ठामपणे सांगायची सवय तेव्हा लागली.

त्याच महिन्यात १८ तारखेला वेल्चिया नावाचा दुसरा वर्म आला. तो ब्लास्टर काढून टाकायचा आणि मायक्रोसॉफ्टचा पॅच उतरवून बसवायचाही. कुणाला वाटेल, बरंच झालं. पण नवी मशीन शोधण्यासाठी तो एवढे पिंग, म्हणजे चौकशीचे छोटे संदेश, पाठवायचा की नेटवर्कच गुदमरायचं. न विचारता दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरून केलेली दुरुस्ती कॉलेजांना मूळ रोगाइतकीच महाग पडली.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि फायरवॉल मुळातच चालू राहू लागला. दरम्यान कॉलेजं नेटवर्क ॲडमिशन कंट्रोलकडे, म्हणजे मशीन तपासूनच नेटवर्कवर घेण्याकडे, वळली होती. परफिगो कंपनीचं अशा तपासणीचं उत्पादन विद्यापीठांत वापरलं जात होतं. २००४ मध्ये सिस्कोनं ती कंपनी विकत घेतली आणि ते क्लीन ॲक्सेस नावानं विकलं. विद्यार्थ्यानं मशीनवर एक छोटा एजंट बसवायचा. तो अपडेट आणि अँटिव्हायरस तपासणार, आणि कमी काही असेल तर मशीन व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात टाकणार, जिथून फक्त अपडेटची पानं उघडतात. उपाय परिणामकारक होता. तरी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मशीनमध्ये कायमचा पहारेकरी बसवणं मला तेव्हाही पटण्याजोगं नव्हतं आणि आताही नाही. एजंट काय पाहतो, काय पाठवतो, हे साध्या भाषेत लिहून देणं ही कॉलेजची जबाबदारी होती. पुढे विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस म्हणून सिस्टिममध्येच येऊ लागला, अपडेट आपोआप होऊ लागले, आणि फोन-टॅबलेटच्या गर्दीत अशा एजंटांचा जोर ओसरला. यादीतल्या ओळी मात्र राहिल्या, आणि राहायलाच हव्यात, कारण अपडेट पुढे ढकलण्याचं बटण आजही आहे.

तोवर तारही मागे पडत होती. वायरलेसला भिंतीतलं भोक नसतं, त्यामुळे 'हा पोर्ट अमुक खोलीतला' हा आधारही गेला. सुरुवातीचं वेप हे कूटलेखन २००१ मध्ये मोडीत निघालं. त्याच वर्षी मानकं ठरवणाऱ्या आयईईई संस्थेचं ८०२.१एक्स हे मानक मंजूर झालं. त्यात मशीनचा पत्ता बाजूला राहतो आणि माणसाची ओळख विचारली जाते: ॲक्सेस पॉइंट दारात थांबवतो, नाव-पासवर्ड मागच्या, ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरकडे जातो, होकार आला की दार उघडतं.

आपल्या कॉलेजच्या नाव-पासवर्डवर दुसऱ्या कॉलेजचं वाय-फाय वापरू देणाऱ्या एडुरोम या सेवेची कल्पना याच पायावर उभी आहे. नेदरलँड्समधल्या सर्फनेट संस्थेतल्या क्लास विरेंगा यांनी ती मांडली, आणि काही युरोपीय देशांच्या चाचण्यांतून ती पुढे आली. तुमच्या ओळखीतलं ॲटच्या चिन्हापुढचं नाव पाहून परक्या कॉलेजचा सर्व्हर चौकशी तुमच्या कॉलेजकडे पाठवतो. नीट मांडणी असेल तर पासवर्ड कूटबद्ध बोगद्यातून थेट तुमच्या कॉलेजकडे जातो. पाहुणचार करणाऱ्या कॉलेजला तो दिसत नाही. आज १०० हून अधिक देशांत ही सेवा चालते.

'नीट मांडणी असेल तर' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला आपलंच कॉलेज आहे, हे सर्टिफिकेटवरूनच कळतं. वाय-फायचं नाव कुणीही कोणतंही ठेवू शकतो. कुणी बॅगेत त्याच नावाचा ॲक्सेस पॉइंट घेऊन बसला आणि तुमच्या फोनला 'सर्टिफिकेट तपासू नका' असं सांगितलेलं असेल, तर फोन त्याच्याशीही बोलू लागतो. या बोगद्यात बहुतेक ठिकाणी पासवर्ड तपासण्याची एमएसचॅप-व्ही२ ही जुनी पद्धत वापरली जाते, आणि ती हाती लागली तर भेदता येते हे २०१२ मध्ये जाहीरपणे दाखवलं गेलं. तरीही वर्षानुवर्षं घाईत तो 'तपासू नका'चाच पर्याय निवडला गेला, काही वेळा तर मदतकक्षाच्याच सांगण्यावरून. अँड्रॉइड ११ च्या काळात गूगलनं तो पर्याय काढायला सुरुवात केली, तेव्हा ज्या कॉलेजांच्या सूचना त्यावरच टेकल्या होत्या त्यांची धांदल उडाली. एडुरोमचं कॅट हे साधन कॉलेजनिहाय तयार मांडणी देतं. त्यात सर्व्हरचं नाव आणि सर्टिफिकेट आधीच भरलेलं असतं.

मॅक ॲड्रेसचा आधारही आता ढासळला आहे. अँड्रॉइड १० नं २०१९ मध्ये आणि आयओएस १४ नं २०२० मध्ये प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनावट मॅक ॲड्रेस द्यायला सुरुवात केली. दुकानं आणि जाहिरातदारांनी फोनचा माग काढू नये म्हणून हे झालं, आणि ते योग्यच झालं. पण 'नोंदणीसाठी खासगी पत्ता बंद करा' ही नवी ओळ यादीत आली ती यामुळे. गेम कन्सोल, प्रिंटर यांसारख्या ८०२.१एक्स न येणाऱ्या उपकरणांसाठी नोंदणी अजूनही लागते. लॅपटॉप आणि फोनसाठी मात्र ती मागायचं कारण उरलेलं नाही, आणि जिथे ती अजून मागितली जाते तिथे विद्यार्थ्यांनी का म्हणून विचारावं.

नवी दिशा आहे ईएपी-टीएलएसची. त्यात पासवर्ड नसतोच. प्रत्येक उपकरणाला स्वतःचं सर्टिफिकेट दिलं जातं. ते बसवायला एक ॲप लागतं, त्याची मुदत संपते आणि ते पुन्हा घ्यावं लागतं. ही पद्धत सगळीकडे पोहोचेपर्यंत यादीतली जी ओळ सर्वाधिक गाळली जाते, ती सर्टिफिकेटची, तीच सर्वांत जपून पाळावी. मांडणी कॉलेजनं दिलेल्या साधनानंच करा. आणि वर्षाच्या मधेच, काही कारण नसताना फोन नव्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायला सांगू लागला, तर होकार देण्याआधी मदतकक्षाला फोन करून सर्टिफिकेट खरंच बदललं आहे का ते विचारा.