हळव्या मुलाला रडवणारी गोष्ट वाचून दाखवावी का?

"हळव्या मुलांना दुःखी गोष्टी देऊ नका, मन कायमचं कच्चं राहतं," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यामागची काळजी खरी आहे. पण गोष्ट ऐकून डोळे भरून येणं म्हणजे मनाला इजा नव्हे. दुसऱ्याचं दुःख आत पोहोचल्याची ती खूण असते. श्रावणबाळाला बाण लागतो तिथे कित्येक मुलं आजीच्या पदरात तोंड लपवतात आणि दुसऱ्या रात्री तीच गोष्ट मागतात.

स्वतः पडताळून पाहा. शेजारी बसून वाचा, नंतर दोन-तीन दिवस झोप, जेवण, खेळ यांकडे लक्ष ठेवा. सगळं नेहमीसारखं असेल तर काळजी नको. मूल झोपेत दचकत असेल किंवा घरात नुकतंच कोणी गेलं असेल, तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा. "रडू नकोस" मात्र म्हणू नका. "श्रावणबाळाच्या आईबाबांना आता पाणी कोण देणार?" असं मुलानं विचारलं, तर आधी त्यावर बोला.