बँकेच्या ई-लिलावातली मिळकत: जाहिरातीवर किती विसंबावं आणि अर्ज कुठे अडकतो

कर्ज थकलं की बँक सरफेसी कायद्याखाली (न्यायालयात न जाता तारण विकून वसुली करू देणारा कायदा) घर, गाळा किंवा प्लॉट ताब्यात घेते आणि ऑनलाइन लिलावात काढते. सरकारी बँकांच्या बऱ्याच मिळकती ‘बँकनेट’ पोर्टलवर दिसतात. बोली सज्ञान व्यक्तीला, फर्मला किंवा कंपनीला लावता येते. पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक आणि कंपनी असल्यास संचालक मंडळाचा ठराव, एवढ्यावर नोंदणी होते.

लोक बाद होतात ते ईएमडीवर, म्हणजे बोलीआधी भरायच्या अनामत रकमेवर. ती बहुधा राखीव किमतीच्या (बँकेने ठरवलेल्या किमान किमतीच्या) 10 टक्के असते आणि मुदत लिलावाच्या आधीच संपते. बँक पैसे खात्यात जमा झाल्याची वेळ बघते, तुम्ही पाठवल्याची नाही. दुसरी अडचण नावाची. विक्री प्रमाणपत्र, म्हणजे मालकीचा कागद, बोली लावणाऱ्याच्याच नावे निघतं. नंतर ‘बायकोचं नाव घाला’ म्हटलं की बँक हात वर करते, म्हणून दोघांची नावं पहिल्यापासूनच द्या.

आता जाहिरात. सरफेसीच्या नियमावलीतल्या नियम 8(6) प्रमाणे विक्रीच्या नोटिशीत मिळकतीचं वर्णन आणि बँकेला माहीत असलेले बोजे द्यावेच लागतात. ठाऊक असून दडवलेलं बँकेच्या अंगाशी येऊ शकतं. ठाऊकच नसलेलं बहुधा तुमच्या गळ्यात पडतं, कारण विक्री ‘जे जेथे आहे, जसे आहे’ तत्त्वावर असते. थकलेलं वीजबिलही अशा खरेदीदाराकडून वसूल होऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं. पाहणीला गेलात की मीटरच्या पेटीवरचा ग्राहक क्रमांक टिपून घ्या आणि थकबाकी तपासा. सोसायटी परक्या माणसाला थकबाकीचं पत्र सहसा देत नाही. प्राधिकृत अधिकाऱ्याकडे (बँकेतर्फे ही विक्री करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) लेखी मागा, म्हणजे निदान मागितल्याची नोंद राहते.

क्षेत्रफळ जाहिरातीत छापलंय म्हणून खरं धरू नका. इंडेक्स 2 (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) काढून ताडून बघा, कारण बिल्टअपचा (भिंती धरून) आकडा कार्पेट (आतली वापरायची जागा) म्हणून खपून जातो. प्लॉट असेल तर सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना आणि एनए (बिगरशेती) आदेश बघा. शेतजमिनीवर सरफेसी चालतच नाही, आणि महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय ती घेताही येत नाही. ताब्यापुढे ‘प्रतीकात्मक’ लिहिलं असेल तर आत अजून कुणीतरी राहतंय असं समजा. सरफेसीच्या कलम 14 खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश निघून प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत पैसे अडकून पडतात.

मुदत वाचण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. बोली जिंकल्यावर ईएमडी धरून 25 टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचे. उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून 15 व्या दिवसापर्यंत. ही मोजणी लिलावाच्या तारखेपासून नसते. वाढ मिळते, पण लेखी, आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत. ‘साहेब फोनवर हो म्हणाले’ याला काडीची किंमत नाही. गृहकर्ज 15 दिवसांत सहसा हातात पडत नाही, त्यामुळे मंजुरीची तयारी बोलीआधीच हवी. चुकलात तर 25 टक्के जप्त. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी पूर्ण जप्ती कायम ठेवली.

नोटिशीने दिशाभूल झाली असेल तर कलम 17 खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात 45 दिवसांत अर्ज करायचा. मुंबई, पुणे, नागपूरला ही न्यायाधिकरणं आहेत. दिवाणी न्यायालयाची वाट कलम 34 ने बंद केली आहे. हे 45 दिवस लोक बँकेला स्मरणपत्रं लिहिण्यात घालवतात. बँकही ‘वरिष्ठांकडे पाठवलंय’ असं शांतपणे कळवत राहते, आणि पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही.

अर्जाला जोडायचा मुख्य कागद म्हणजे मूळ विक्री नोटीस, आणि नेमकी तीच नंतर कुणाकडे नसते. लिलाव झाला की पोर्टलवरचं पान सापडेलच असं नाही. बोलीआधीच पीडीएफ आणि फोटो उतरवून ठेवा, वृत्तपत्रातलं कात्रणही ठेवा. पाहणीच्या दिवशी खटकलेलं त्याच संध्याकाळी प्राधिकृत अधिकाऱ्याला ईमेलने कळवा.