आदिवासी समाज आणि आरोग्यसेवा

आजार कशाला म्हणायचे, तो कशामुळे झाला, उपचार कोणाकडे आणि केव्हा घ्यायचे, याविषयीच्या आदिवासी समाजांच्या धारणा आणि त्यानुसार घडणारे वर्तन. वैद्यकीय मानवशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या शाखांत याचा अभ्यास होतो.

आजार जसा देहात, तसाच नात्यांतही असतो, असे अनेक आदिवासी समाज मानतात. जमीन, पूर्वज, कूळ यांच्याशी असलेला संबंध बिघडला की माणूस खंगतो. न्यूझीलंडमधील माओरी या आदिवासी समाजाचे मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी १९८० च्या दशकात आरोग्याला चार भिंतींच्या घराची उपमा दिली. शरीर, मन, आत्मा आणि कुटुंब या त्या भिंती; एक खचली तरी घर डळमळते. न्यूझीलंडच्या आरोग्यसेवेत ही मांडणी आता चांगली रुळली आहे.

अंधश्रद्धेमुळे हे लोक दवाखान्यात येत नाहीत, हे नेहमीचे स्पष्टीकरण फार तोकडे आहे. पुष्कळ कुटुंबे झाडपाला, जाणता वैदू आणि दवाखाना यांचा आधार एकाच आजारात घेतात. दुखणे पुन्हा पुन्हा उलटू लागले की ‘हे आमच्याच घरात का?’ असा प्रश्न उभा राहतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीत त्याचे उत्तर नसते. ते भगताकडे, म्हणजे देवऋषीपण करणाऱ्या जाणत्याकडे शोधले जाते. सर्पदंशात किंवा अडलेल्या बाळंतपणात असा वेळ गेला तर जिवावर बेतते, हे खरेच. मात्र उशीर का झाला हे घरच्यांना शांतपणे विचारले, तर लांबची वाट, बुडणारी मजुरी, न कळणारी भाषा आणि मागच्या खेपेला झालेला अपमान हेही ऐकायला मिळते.

या अविश्वासाला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास कॅनडात उत्तरेकडच्या इन्युइट या आदिवासी समाजातील क्षयरोग्यांना जहाजातून दक्षिणेकडच्या रुग्णालयांत नेले गेले. कित्येक परतले नाहीत, आणि त्यांना कुठे पुरले हेही अनेकांच्या घरच्यांना कळले नाही. त्याबद्दल पंतप्रधानांनी २०१९ मध्ये माफी मागितली. पेरूमध्ये १९९० च्या दशकातील सरकारी मोहिमेत हजारो स्त्रियांची खऱ्या संमतीविना नसबंदी झाली; त्यांत खेड्यांतल्या केचुआ या आदिवासी समाजातील स्त्रियांची संख्या मोठी होती.

त्याच पेरूने २००५ मध्ये उभ्याने किंवा उकिडवे बसून होणाऱ्या पारंपरिक प्रसूतीसाठी सरकारी नियमावली काढली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी स्थानिकांच्या सल्ल्याने झोपड्यांसारखे रुग्णालय उभारले, त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येईल अशी सोय केली. तरी सोयींपेक्षा कारभार कोणाच्या हाती, हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. सिडनीतील रेडफर्न येथे १९७१ मध्ये ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातील मूळनिवासी लोकांनी स्वतःच्या व्यवस्थापनाखाली दवाखाना सुरू केला. पुढे ऑस्ट्रेलियाभर असे दवाखाने उभे राहिले. आदिवासींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यातील कलम २४ मध्ये पारंपरिक औषधोपचारांचा हक्क आणि भेदभावाविना सर्व आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क, हे दोन्ही एकत्रच नोंदवले आहेत.