बिबड्यांचा घाटा आणि बॅटरीतला पापुद्रा

उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडे बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, घाटा शिजतो. ना धड पातळ, ना धड घट्ट. ओल्या कापडावर थापून उन्हात टाकला की संध्याकाळी पापुद्रा सुटतो. गावातला एखादा पोरगा 'सॉफ्ट मटेरियलवर पोस्टडॉक करतोय' म्हणाला, म्हणजे पीएचडीनंतर मऊ पदार्थांवर संशोधन करतोय म्हणाला, की त्याच्या घरच्यांना मी हा घाटाच दाखवतो. प्रयोगशाळेतही पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचा प्लास्टिकसारखा पदार्थ, विरघळवून काचेच्या बशीत ओततात आणि वाळवून पापुद्रा काढतात. तिथं लसूण-जिऱ्याऐवजी लिथियमचा क्षार पडतो, एवढंच.

वीज वाहणाऱ्या पॉलिमरची गोष्ट एका चुकीतून पुढं सरकली. १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा काम करत होते त्या प्रयोगशाळेत उत्प्रेरक हजारपट जास्त पडला. पॉलिॲसिटिलीन या पॉलिमरची काळी भुकटी मिळायची, त्याऐवजी भांड्यात चंदेरी पापुद्रा धरला. पुढं अमेरिकेत ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांच्यासोबत त्याला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वीजवाहकता कोटीपट वाढली. ते साल १९७७. नोबेल यायला २००० उजाडलं. दरम्यान १९९१ मध्ये पिएर-जिल द जेन यांनी आपल्या नोबेल व्याख्यानाचं नावच 'सॉफ्ट मॅटर' ठेवलं, आणि जेल, पॉलिमर, द्रवस्फटिक या भावकीला एक आडनाव मिळालं.

इकडे १९९० पर्यंत खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. त्या वर्षी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, तेच आजचं बहिणाबाई चौधरींच्या नावाचं. पीएचडी घराजवळ होऊ लागली, पण पोस्टडॉकला बहुतेकांना बाहेरच जावं लागतं. राष्ट्रीय फेलोशिप मिळाली तरी ती दोन वर्षांची. उपकरण हाताला बसेस्तोवर पुढचे अर्ज सुरू.

ऊन मात्र इथं फुकट. साक्रीजवळ १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे. अडचण वीज साठवायची. लिथियम बॅटरीतला द्रव पेट घेऊ शकतो, म्हणून त्याच्या जागी पापुद्रा हवा. पॉलिइथिलीन ऑक्साइड या पॉलिमरमध्ये क्षार मिसळला की त्यातून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, वाहतात, हे पीटर राइट यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं. बॅटरीत तो वापरायची कल्पना १९७८ मध्ये मिशेल आर्मंड यांनी मांडली. घोडं अडलंय ते तापमानावर. या पॉलिमरच्या साखळ्या साध्या तापमानाला घडी घालून बसतात आणि आयनांना वाट देत नाहीत. त्या मोकळ्या व्हायला साधारण साठ अंश लागतात. भुसावळचा मे महिना पंचेचाळिशी गाठतो, तरी पंधरा अंश कमीच पडतात.