वाढ कितीने, कितीपर्यंत?

पोकरच्या एका व्हिडिओ गेममधला डाव. मी 100 चिप्स लावल्या, दुसऱ्याने तेवढ्याच भरून कॉल केला. तिसऱ्याकडे उरल्या होत्या जेमतेम 150. त्याने त्या सगळ्या पुढे सरकवल्या, म्हणजे ऑल-इन. चौथ्याने पत्ते टाकले, म्हणजे डाव सोडला. पाळी पुन्हा माझ्यावर आली आणि स्क्रीनवर ‘रेझ’चं बटण उजळलं. मी ते दाबलं, गेमने निमूटपणे माझी वाढ मान्य केली. खऱ्या टेबलावर डीलरने मला तिथेच अडवलं असतं.

नो-लिमिट, म्हणजे पैजेला वरची मर्यादा नसलेल्या पोकरमध्ये प्रत्येक वाढ किमान आधीच्या पैजेइतकी किंवा वाढीइतकी असावी लागते. 100 वरची पुरती वाढ म्हणजे निदान 200. हातातल्या चिप्स संपल्या म्हणून कुणी 150 वरच थांबला तर ते चालतं, पण ती वाढ अर्धवट ठरते. माझं बोलून झालंय आणि त्यानंतर कुणी पुरती वाढ केलेली नाही; म्हणून मी फक्त उरलेले 50 भरायचे किंवा पत्ते टाकायचे. एरवी दुसऱ्याच्या कडकीमुळे मला फुकटात आणखी एक संधी मिळाली असती! चौथ्याची पाळी पहिलीच होती, त्यामुळे त्याला मात्र 250 किंवा त्याहून जास्तीपर्यंत वाढवता आलं असतं.

गेम लिहिणाऱ्याने बहुधा एकच गोष्ट तपासली असावी: समोरची पैज खेळाडूने भरलेल्या रकमेपेक्षा मोठी आहे का? खरं तर प्रोग्रॅमने तीन गोष्टी वेगवेगळ्या लक्षात ठेवायच्या असतात. सध्याची पैज किती, शेवटची पुरती वाढ कितीची, आणि वाढवायचा हक्क अजून कुणाकुणाकडे आहे. या तिन्हींचा काला झाला की घोळ सुरू.

त्यात एक मेख आहे. समजा चौथ्यानेही पत्ते न टाकता 200 वर ऑल-इन केलं. आधीचे 50 अपुरे, हे 50ही अपुरे. पण माझ्यापर्यंत येईतो पैज 100 ने चढलेली आहे. पोकर स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या टूर्नामेंट डिरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांनुसार आता माझा हक्क परत येतो. म्हणजे ‘अर्धवट वाढ, हक्क नाही’ अशी नुसती खूण करून भागत नाही. माझ्या मागच्या खेळीपासून पैज एकूण किती चढली, ते मोजावंच लागतं.

‘किमान वाढ म्हणजे दुप्पट’ हा समजही असाच दगा देतो. 100 वर कुणी 250 केले, तर वाढ 150 ची. पुढची किमान मजल 400. दुप्पट करणारा गेम 500 मागत बसतो. इंग्रजीत नुसतं ‘रेझ 300’ म्हटलं की 300 ने की 300 पर्यंत, हे कळत नाही. मराठीतला ‘ने’ प्रोग्रॅमरच्या हाती असता तर काही चुका टळल्या असत्या, असं मला उगाच वाटतं.

काही चुका निव्वळ अंकगणिताच्या. रकमेच्या चौकटीत उणे 500 चालून गेले, तर 1000 मधून उणे 500 वजा होतात आणि खेळाडूकडे 1500 चिप्स होतात. पैज हरण्याआधीच नफा!

विसरभोळेपणाचा खरा किस्सा लास वेगासचा आहे. 2009 साली तिथे ‘गेम किंग’ या व्हिडिओ पोकर यंत्रांमधला दोष उघड झाला. लहान रकमेच्या खेळात जिंकायचं, मग ठरावीक क्रमाने बटणं दाबून मोठ्या रकमेवर जायचं. यंत्र जुनी जीत नव्या दराने चुकती करायचं. ती कोणत्या दराने मिळाली होती, याची नोंदच त्याला धरता येत नव्हती. दोन खेळाडूंवर संगणकघुसखोरीचे आरोप झाले, 2013 मध्ये ते मागे घेतले गेले. त्यांनी बटणंच तर दाबली होती.

असे दोष पकडायला प्रोग्रॅमला स्वतःशीच लाखो डाव खेळायला लावतात आणि प्रत्येक डावानंतर टेबलावरच्या एकूण चिप्स मोजतात. उणे पैजेसारखी चूक त्यात सहसा सापडते. माझ्या त्या डावात मात्र चिप्सची बेरीज शेवटपर्यंत अचूक होती.